लोखंडाचा टाका

घरातील लोखंडी कढई रिकामी आणि थंड असताना एकदा हातात घ्या. ती उचलण्यासाठी तिला दोन बाजूंना दोन कान असतात. कान कढईला जेथे जोडलेला आहे, तेथे नीट पाहा. बहुतेक कढयांना त्या जागी दोन गोल, गुळगुळीत उंचवटे दिसतात. आता कढईच्या आत पाहा. आतल्या बाजूलाही अगदी त्याच ठिकाणी दोन उंचवटे आहेत. बोटांनी फिरवून पाहा, ते फिरणार नाहीत. त्यांना आटे नाहीत, पान्याने पकडण्यासाठी कोपरे नाहीत, स्क्रू ड्रायव्हरसाठी खाचही नाही.

आतला आणि बाहेरचा उंचवटा ही एकाच छोट्या धातूच्या तुकड्याची दोन डोकी आहेत. या तुकड्याला रिव्हेट म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला आहे. गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात तुम्हांला तो ‘रिबीट’ किंवा ‘रिपीट’ असा ऐकू येईल. ट्रकच्या ब्रेकला नवे लायनर बसवणारे कारागीर ‘रिपीट मारतो’ असे म्हणतात, तो हाच.

कढईत तापलेले तेल असते. अम्मी ती कढई दोन कानांना धरून चुलीवरून खाली उतरवतात. जवळच लहान भावंडे घुटमळत असतात. तेवढ्या वेळात तेलाचा आणि कढईचा सगळा भार चार छोट्या रिव्हेटांवर असतो. त्यांतला एक जरी दगा देऊ लागला तरी काय होईल, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून रिव्हेट कसा बसवतात, तो कशामुळे धरून राहतो आणि ढिला झालेला कसा ओळखतात, हे आज समजून घेऊ.

कापड फाटले की आपण टाका घालतो. उर्दूत ‘टाँका’, मराठीत ‘टाका’; शब्द जवळजवळ एकच. रिव्हेट हा धातूचा टाका आहे. तो दोन पत्र्यांतून आरपार जातो आणि दोन्ही बाजूंनी अडकतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उर्दूत कथील-शिशाने धातू जोडण्यालाही ‘टाँका लगाना’ म्हणतात. मराठीत त्याला ‘डाख देणे’ म्हणतात. डाख आणि रिव्हेट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कढईच्या कानाला डाख का देत नाहीत? कारण कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. तळणीचे तेल साधारण तितकेच तापते. तेल घालण्यापूर्वी रिकामी कढई आचेवर राहिली, तर ती याहूनही जास्त तापते. म्हणजे कान हातात आणि कढई खाली! नट-बोल्ट लावले तर? तापणे, थंड होणे, आपटणे, घासणे यांमुळे नट हळूहळू सैल होतात आणि आट्यांत तेलाचा मळ बसतो. वेल्डिंग चांगले, परंतु त्याला वीज किंवा गॅस लागतो, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला लोखंडी कान साध्या वेल्डिंगने जोडता येत नाही. रिव्हेटला हातोडी, ऐरण आणि एक भोक एवढेच पुरते. मात्र बादलीच्या बुडातून पाणी गळत असेल तर एकटा रिव्हेट उपयोगाचा नाही. तेथे डाखच हवा. ज्याचे काम त्याने करावे.

रिव्हेट किती आहेत, यालाही अर्थ आहे. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या आणि त्यांच्यात एकच टाचणी टोचा. पट्ट्या टाचणीभोवती फिरतात. आता दुसरी टाचणी टोचा. फिरणे बंद! कात्री, अडकित्ता (उर्दूत सरौता), पक्कड आणि छत्रीच्या काड्या यांना फिरायचे असते, म्हणून त्यांच्या जोडावर एकच रिव्हेट असतो आणि तो थोडा मोकळा ठेवलेला असतो. कढईच्या कानाने फिरता कामा नये, म्हणून तेथे दोन किंवा अधिक.

ही कला फार जुनी आहे. पूर्वीचे सैनिक अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत घालत. उर्दूत त्याला जिरहबख्तर म्हणतात. वस्तुसंग्रहालयात असे चिलखत दिसले तर काचेजवळ जाऊन एकच कडी निरखून पाहा. अनेक चिलखतांत प्रत्येक कडीची दोन टोके चपटी करून एकमेकांवर ठेवलेली असतात आणि त्यांतून टाचणीएवढा रिव्हेट ठोकलेला असतो. एका चिलखतात अशा हजारो कड्या असतात. काही चिलखतांत टोके नुसतीच जुळवलेली असतात. अशी कडी भाल्याच्या टोकाने उघडते. रिव्हेट मारलेली कडी सहजासहजी उघडत नाही. घालणाऱ्याचा जीव त्या टाचणीएवढ्या तुकड्यांवर अवलंबून असे.

आता आपण कागदावर एक कान बसवू. कढईचा पत्रा २ मिलिमीटर जाड आहे आणि कानाची पट्टी ३ मिलिमीटर. दोन्ही मिळून ५ मिलिमीटर झाले. आपल्याजवळ ५ मिलिमीटर जाडीचा, नरम लोखंडाचा, गोल डोक्याचा रिव्हेट आहे. त्याला एका टोकाला तयार डोके आहे आणि पुढे सरळ दांडी आहे. दुसरे डोके आपल्याला ठोकून तयार करायचे आहे.

दांडी किती लांब हवी? पत्र्यांची एकूण जाडी ५ मिलिमीटर. शिवाय दुसरे डोके घडवण्यासाठी धातू लागेल. गोल डोक्यासाठी दांडीच्या जाडीच्या सुमारे दीडपट लांबी बाहेर ठेवतात, म्हणजे साडेसात मिलिमीटर. एकूण साडेबारा मिलिमीटर झाले. दांडी आखूड राहिली तर डोके अपुरे, पसरट होते आणि पुढे निसटते. दांडी फार लांब राहिली तर ती ठोकताना वाकते आणि डोके एका बाजूला लवंडते. दुकानात नेमके माप मिळाले नाही तर लांब रिव्हेट आणून कानशीने (उर्दूत रेती) घासून आखूड करतात. आखूड रिव्हेट मात्र कोणालाही लांब करता येत नाही.

भोक ५ मिलिमीटरचे पाडायचे का? नाही, दांडी आत सहज सरकली पाहिजे, म्हणून किंचित मोठे, सुमारे ५.२ मिलिमीटरचे. याहून मोठे पाडू नये, कारण ती रिकामी जागा पुढे दांडीलाच फुगून भरून काढावी लागते.

भोक कोठे पाडायचे हेही मोजून ठरवतात. टपालाच्या तिकिटांचा पूर्वीच्या काळचा मोठा कागद तुम्ही पाहिला असेल. तिकिटे सहज फाटावीत म्हणून त्यांच्यामध्ये भोकांच्या रांगा असत. पत्र्यातही हेच घडते. भोके फार जवळ असतील तर ताण आला की पत्रा त्याच रेषेत फाटतो. म्हणून दोन भोकांच्या मध्यांत दांडीच्या जाडीच्या निदान तिप्पट अंतर ठेवतात. आपल्या कढईसाठी १५ मिलिमीटर. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दीडपट अंतर हवे, म्हणजे साडेसात मिलिमीटर. नाहीतर भोक कडेतून बाहेर फाटते.

आणखी एक गोष्ट. रिव्हेट शक्यतो पत्र्याच्याच धातूचा घ्यावा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला तांब्याचा रिव्हेट मारला तर दिसायला छान दिसतो. परंतु दोन वेगळ्या धातूंमध्ये मिठाचे पाणी आले की त्यांतला एक धातू लवकर झिजतो. येथे ॲल्युमिनियम झिजेल, म्हणजे भोक मोठे होत जाईल आणि रिव्हेट तसाच राहील.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम कानाच्या पट्टीला दोन भोके पाडतात. मग पट्टी कढईवर धरून कढईत फक्त एकच भोक पाडतात. त्यात तात्पुरता बोल्ट घालून पट्टी पक्की धरतात आणि नंतर दुसरे भोक पाडतात. असे केले तर भोके समोरासमोर येतात. चारही भोके आधीच वेगवेगळी पाडली तर हमखास एखादे अर्ध्या मिलिमीटरने चुकते. मग रिव्हेट तिरका जातो. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला धारदार कुसे उभे राहतात. ते घासून काढायचे असतात. ते तसेच राहिले तर पत्रा पट्टीला नीट टेकत नाही.

रिव्हेटचे तयार डोके खाली येईल अशा रीतीने तो भोकांतून घालतात. ऐरणीवर (उर्दूत निहाई) एक पोलादी आधार ठेवलेला असतो. त्यात वाटीसारखा खळगा असतो. या आधाराला डॉली म्हणतात. रिव्हेटचे डोके त्या खळग्यात बसते, म्हणून ठोकताना चपटे होत नाही. खालचा आधार जितका जड, तितका ठोका कामी येतो. हलक्या आधारावर ठोकले तर आधारच उडतो आणि मेहनत वाया जाते.

यानंतरची पायरी घाई करणारे लोक गाळतात आणि येथेच काम बिघडते. हातोडी उचलण्यापूर्वी दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट भिडले पाहिजेत. त्यासाठी पोलादाचा एक जाड तुकडा असतो. त्याच्या तोंडाला आरपार न गेलेले भोक असते. त्याला सेट म्हणतात. सेट दांडीवर चढवून वरून एक-दोन ठोके मारले की पत्रे दाबून बसतात. ही पायरी गाळली आणि पत्र्यांमध्ये फट राहिली, तर काय होते? ठोक्याने दांडी फुगते आणि त्या फटीतही पसरते. तेथे धातूचे एक कडे तयार होते. ते कडे पत्र्यांना कायमचे दूर ठेवते. वरून कितीही ठोका, फट मिटत नाही.

आता ठोकणे. माझ्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री दांडीच्या मधल्या, पत्र्यांच्या आत राहणाऱ्या भागाला रिव्हेटचे ‘पोट’ म्हणत. मला हा शब्द आवडतो, म्हणून पुढे तोच वापरतो. पहिले दोन-तीन ठोके सरळ, भरदार आणि दांडीच्या बरोबर मध्यावर मारायचे. या ठोक्यांनी दांडी उंचीला कमी होते आणि पोट फुगून भोक भरून टाकते. त्यानंतर हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलके ठोके मारायचे, म्हणजे बाहेरचा धातू छत्रीसारखा खाली वळतो. शेवटी त्यावर स्नॅप नावाचे वाटीच्या तोंडाचे हत्यार ठेवून दोन ठोके मारले की डोके गोल आणि गुळगुळीत होते.

ठोके मोजकेच असावेत. थंड धातू ठोकला की तो कडक होत जातो. विनाकारण वीस-पंचवीस ठोके मारले तर डोक्याच्या कडेला बारीक चिरा पडतात. तांब्याचा रिव्हेट असेल तर तो आधी लाल होईपर्यंत तापवून थंड करतात, म्हणजे नरम होतो.

या सगळ्यात महत्त्वाचे काय? पोट! पाहणाऱ्याला फक्त डोके दिसते. चमकदार, गोल डोके पाहून आपण म्हणतो, ‘वा, काम छान झाले.’ परंतु पहिले ठोके सरळ मारण्याऐवजी कोणी सुरुवातीपासूनच कडेकडेने ठोकत गेला, तर डोके सुंदर होते आणि पोट भोकात मोकळेच राहते. असा रिव्हेट पहिल्या दिवशी धरून राहतो. मग रोजच्या उचलठेवीत कान केसभर हलतो, भोक घासत जाते, हलणे वाढते. वर्षभराने कान खुळखुळू लागतो. दोष डोक्याचा नसतो.

आतापर्यंत आपण थंड रिव्हेट पाहिला. सुमारे १० मिलिमीटर जाडीपर्यंतचे रिव्हेट असे थंडच ठोकता येतात. त्याहून जाड पोलादी दांडी हाताच्या ठोक्याला दाद देत नाही. ती भट्टीत तापवून ठोकावी लागते. पूल, जहाजे, आगगाडीच्या इंजिनांचे बॉयलर हे सगळे एके काळी अशा तप्त रिव्हेटांनी जोडले जात.

पॅरिसमधील आयफेल मनोरा तुम्ही चित्रात पाहिला आहे. तो १८८७ ते १८८९ या काळात उभा राहिला. लोखंडाचे १८,०३८ भाग आणि ते जोडणारे सुमारे २५ लाख रिव्हेट! बरेचसे रिव्हेट कारखान्यातच मारले होते. सुमारे एक तृतीयांश प्रत्यक्ष जागेवर, उंचावर मारले गेले. तेथे एका रिव्हेटला चार माणसे लागत. एकजण तो भट्टीत तापवी, दुसरा तो भोकात घालून धरून ठेवी, तिसरा डोक्याला आकार देई आणि चौथा मोठ्या घणाने ठोके मारी. चौघांपैकी एकाचा जरी उशीर झाला तरी रिव्हेट थंड होई आणि पोट अर्धवट भरलेले राही.

आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोलकात्याचा हावडा पूल आहे. हुगळी नदीवरील हा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये सुरू झाला. १९६५ मध्ये त्याला रवींद्र सेतू हे नाव मिळाले. नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. दोन मुख्य खांबांमधील अंतर सुमारे ४५७ मीटर आहे. त्याला २६,५०० टन पोलाद लागले आणि त्यातले २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरवले. एवढ्या मोठ्या पुलाचा सांगाडा नट-बोल्टने जोडलेला नाही, तर रिव्हेटांनी जोडलेला आहे. आजही त्यावरून रोज हजारो वाहने आणि लाखो माणसे ये-जा करतात.

तप्त रिव्हेटची पकड थंड रिव्हेटपेक्षा वेगळी असते. येथे थोडे विज्ञान आठवा. धातू तापला की प्रसरण पावतो आणि थंड झाला की आकुंचन पावतो. सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली पोलादी दांडी थंड होताना आपल्या लांबीच्या जवळजवळ शंभराव्या भागाने आखडते. दांडी ५० मिलिमीटर लांब असेल तर अर्ध्या मिलिमीटरने. हे फार नाही, असे तुम्हांला वाटेल. परंतु दोन्ही बाजूंना डोकी तयार झालेली आहेत आणि मध्ये जाड पाट्या आहेत. दांडीला आखडायचे आहे आणि पाट्या तिला आखडू देत नाहीत. मग ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी दोन्ही पाट्यांना प्रचंड जोराने एकमेकींवर दाबून धरते. पाट्या सरकू पाहतात तेव्हा त्यांच्यातील घर्षणच त्यांना अडवते. मात्र आखडताना दांडी थोडी बारीकही होते, म्हणून तप्त रिव्हेटचे पोट भोकाला थोडे सैल राहू शकते. थंड रिव्हेट भोक भरतो. तप्त रिव्हेट पाट्या दाबतो.

मग असा रिव्हेट आतून पक्का आहे की ढिला, हे कसे कळते? कापून पाहता येत नाही. आपल्या रेल्वेत पुलांची तपासणी करणारे कर्मचारी त्यासाठी फार साधा उपाय करतात. डाव्या हाताचे बोट रिव्हेटच्या डोक्याला आणि पाटीला एकाच वेळी लागेल असे ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या हलक्या हातोडीने झटकन ठोका मारायचा. रिव्हेट ढिला असेल तर बोटाला ते हलणे जाणवते. डोळ्यांनाही एक खूण मिळते. डोक्याच्या भोवती तांबूस गंजाचा ओघळ दिसला तर समजावे की आत काहीतरी घासत आहे आणि पाणीही पोहोचत आहे. ही बोटाची आणि हातोडीची युक्ती कढईच्या कानालाही चालते. करून पाहा.

रिव्हेटमुळे माणसांचे प्राण जातात का? टायटॅनिक जहाजाची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. १५ एप्रिल १९१२ रोजी ते हिमनगाला धडकून अटलांटिक महासागरात बुडाले. पंधराशेच्या आसपास माणसे मेली. या जहाजात सुमारे ३० लाख रिव्हेट होते. मधल्या सरळ भागात पोलादी रिव्हेट यंत्राने दाबून बसवले होते. पुढच्या आणि मागच्या वळणदार भागात मोठे यंत्र पोहोचत नसे, म्हणून तेथे लोखंडी रिव्हेट हातांनी ठोकले होते. समुद्राच्या तळातून वर काढलेले काही रिव्हेट पुढे शास्त्रज्ञांनी कापून तपासले. काही लोखंडी रिव्हेटांत काचेसारखी ठिसूळ मळी नेहमीपेक्षा खूप जास्त होती. अशा रिव्हेटांची डोकी धडकेच्या ताणाने तुटली आणि पाट्यांचे जोड उघडून पाणी आत शिरले, असे काही धातुशास्त्रज्ञांचे मत आहे. हे सर्वांनाच मान्य नाही. एवढी मोठी धडक बसल्यावर कोणतेही जहाज वाचले नसते, असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. परंतु हिमनगाने नेमका पुढचाच, हातांनी ठोकलेला भाग गाठला होता, हे खरे.

हे काम करणाऱ्यांनाही त्याची किंमत द्यावी लागली. बॉयलरचे रिव्हेट ठोकताना एक माणूस बॉयलरच्या आत बसून डोके आधाराने दाबून धरी आणि बाहेरून घण पडत. बंद लोखंडी पिंपात बसून दिवसभर तो आवाज ऐकायचा! १८८६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात टॉमस बार या डॉक्टरांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. त्यांच्यापैकी एकाचीही श्रवणशक्ती पूर्णपणे चांगली नव्हती. म्हणून शाळेच्या कार्यशाळेत रिव्हेट ठोकताना कानांत बोळे घाला, असे सांगितले तर हसू नका. डोळ्यांवर चष्माही हवा, कारण डोक्याची कपची उडाली तर ती थेट वर येते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पुलांत आणि जहाजांत वेल्डिंग आले, जास्त ताकदीचे बोल्ट आले आणि घण, भट्टी व चौघांची टोळी मागे पडली. वेल्डिंगने माणसे कमी लागतात, वजन कमी होते. पण एका ठिकाणी भरीव रिव्हेट अजून टिकून आहे, आणि ते ठिकाण म्हणजे विमान. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तेथे लढाऊ विमाने तयार झाली. असे कोणतेही धातूचे विमान जवळून पाहिले तर त्याच्या अंगावर बारीक ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसतात. ते रिव्हेट आहेत. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर होतो, म्हणून तेथे रिव्हेट. बाहेरच्या बाजूला डोके पत्र्याच्या पातळीत बसवतात, म्हणजे वाऱ्याला अडथळा होत नाही. काम आजही अनेकदा दोघांचे असते. एकजण बाहेरून हवेच्या हातोडीने ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही.

विमानाच्या काही रिव्हेटांची तर आणखी गंमत आहे. ते तापवून एकदम थंड केले की काही काळच नरम राहतात. मग ठेवल्या ठेवल्या आपोआप कडक होतात. म्हणून त्यांना बर्फाहून थंड पेटीत ठेवतात. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते. कामगार लागतील तेवढेच रिव्हेट बाहेर काढतो आणि थोड्या वेळात ठोकून टाकतो. ठोकल्यानंतर ते तेथेच, पत्र्याच्या आत, पूर्ण कडक होतात. जास्त वेळ बाहेर राहिलेला रिव्हेट ठोकला तर त्याला चिरा पडतात.

आता शेवटचा प्रश्न: बसलेला रिव्हेट काढायचा कसा? त्याला उलटे फिरवता येत नाही. एका बाजूचे डोके छिन्नीने छाटतात किंवा ड्रिलने पोखरतात आणि उरलेली दांडी पंचाने ठोकून बाहेर काढतात. दांडी सहज, एका ठोक्यात निघाली तर त्या रिव्हेटचे पोट कधी भरलेच नव्हते, असे समजावे. चांगला बसलेला रिव्हेट निघताना त्रास देतो. काढलेला रिव्हेट पुन्हा वापरत नाहीत. जुने भोकही घासून थोडे मोठे आणि लांबट झालेले असते, म्हणून त्यात त्याच मापाचा नवा रिव्हेट घालत नाहीत. भोक पुन्हा गोल करून घेतात आणि एक माप मोठा रिव्हेट ठोकतात. दुरुस्तीवाल्याने जुन्याच भोकात जुन्याच मापाचा रिव्हेट मारून दिला, तर कढई घरी नेण्यापूर्वी बोट ठेवून एक ठोका मारून पाहा.